सांवेर ते कोलंबस, मार्गे खंडवा

इंदूरहून उज्जैनच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर आमचं सांवेर येतं. बाहेरच्या माणसाला गावाची एकच खूण सांगावी लागते, ती म्हणजे उलट्या हनुमानाचं मंदिर. मारुतीरायाची मूर्ती इथे चक्क उलटी आहे, डोकं खाली. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेलं, तेव्हा त्यांना सोडवायला मारुतीने याच जागेवरून खाली डोकं करून उडी घेतली, अशी गावाची श्रद्धा. माझ्या आजेसासूबाई अमेरिकेला पाताळच म्हणायच्या. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात मी मंदिरात नारळ वाढवायला गेले आणि 'मुलीकडे अमेरिकेला निघाले, एकटीच' असं पुजारीबुवांना सांगितलं, तेव्हा आपण योग्य ठिकाणी आलो आहोत असं मनापासून वाटलं.

मी त्रेसष्ट वर्षांची. तोवर विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

खरं तर हा प्रवास चार वर्षं आधीच व्हायचा होता, आणि दोघांचा. मुलगी ओहायोत कोलंबसला असते. २०२० च्या मेमध्ये तिचं बाळंतपण होतं, म्हणून एप्रिलची दोन तिकिटं काढली होती. जानेवारीत मुंबईला जाऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत दिली आणि दोघांनाही दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. मग मार्चच्या अखेरीस परदेशी विमानं बंद झाली. ती नेहमीसारखी सुरू व्हायला २०२२ चा मार्च संपत आला. नातू आम्ही फोनच्या पडद्यावरच पाहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये हे गेले. त्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसा अजून २०३० पर्यंत आहे.

हे गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. स्वतः फारसे कुठे गेलेले नाहीत, पण नकाशा हाती आला की चहा गार व्हायचा. १५ जुलै २०१९ ला इंदूरहून थेट दुबईचं विमान सुरू झालं, इंदूरचं पहिलं परदेशी उड्डाण. बिजासन माताच्या टेकडीजवळच्या आपल्या विमानतळावरून माणूस परदेशी जातो याचं त्यांना इतकं अप्रूप, की आपणही तिथूनच जायचं म्हणून हट्ट धरून बसले. मुलीने फोनवर समजावलं, "बाबा, दुबईपर्यंत एका कंपनीचं तिकीट आणि पुढे दुसरीचं, असं वेगवेगळं काढलं तर सामान दुबईत आपल्याला उतरवून घ्यावं लागेल. त्यासाठी तिथला व्हिसा लागेल. सगळा प्रवास एका तिकिटावर असला की बॅगा आपोआप पुढे जातात." यांनी ते वहीत लिहून घेतलं. दोनशे पानी वही, वर 'अमेरिका' असं लाल शाईत. ती पासपोर्टांबरोबर कपाटात होती. तीन वर्षं मी उघडली नव्हती.

उघडली ती निघायच्या आदल्या रात्री, आणि तीही पासपोर्ट काढताना हाताला लागली म्हणून. एका पानावर सामानाची यादी होती आणि खाली दोन ओळी अधोरेखित: 'खोबऱ्याच्या वाट्या नाही. खसखस तर मुळीच नाही, दुबई!' मी तशीच उठून बॅग उघडली. त्यात जावयांसाठी केलेले चाळीस अनारसे होते, प्रत्येकावर खसखस. आपल्या लेखी खसखस म्हणजे अनारशाची शोभा, पण संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातून येते. यात हसण्यासारखं असं, की आमच्या माळव्याच्या मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफूची शेतं डोलतात आणि खसखस तिथूनच आमच्या डब्यात येते. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, म्हणूनच चूक होते. खोबऱ्याचं कारण वेगळं. वाळलेल्या खोबऱ्यात तेल असतं, ते कोंडून राहिलं तर आपोआप तापू शकतं, म्हणून विमानात चालत नाही. सकाळी सहा वाजता मी शेजारीपाजारी अनारसे वाटले. मेमध्ये दिवाळी कशी, असं कोणी विचारलं नाही. बायकांना कळतं.

त्याच वहीत पुढे दोन पानं होती, ती मी गाडीत बसल्यावर वाचली. एका पानावर लिहिलं होतं, 'दुबई: डबा जोडला जातो'. दुसऱ्यावर, 'शिकागो = खंडवा'.

तुमच्यापैकी तरुण मंडळींना यातलं काही कळणार नाही, म्हणून सांगते. माझं माहेर भुसावळकडचं. १९८४ मध्ये लग्न होऊन सांवेरला आले. माहेरी जायचं तर सांवेरहून बसने इंदूरला सरवटे बसस्टँड, शेजारीच रेल्वे स्टेशन. तिथून मीटरगेजची छोटी गाडी. ती महू सोडून पाताळपाणी-कालाकुंडच्या घाटातून, बोगद्यांतून खाली उतरायची, बडवाह सोडून नर्मदा ओलांडायची आणि सनावद करत खंडव्याला पोचायची. ही लाइन घालायला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. एवढे पैसे देऊनही रूळ मात्र छोटेच पडले, एक मीटर रुंदीचे. खंडव्याहून मुंबईकडे जाणारी लाइन ब्रॉडगेज, रुंदी १.६७६ मीटर. म्हणजे इकडचा डबा तिकडे जाऊच शकत नाही. प्रत्येक माणसाने आणि प्रत्येक ट्रंकेने खंडव्याला उतरायचं, जिना चढायचा, दुसऱ्या फलाटावर जाऊन पुन्हा चढायचं. काखेत लेक, एका हातात पाण्याची सुरई, पुढे हमाल आणि त्याच्या डोक्यावरच्या होल्डॉलवरून नजर काढायची नाही. पुढची गाडी कधी दोन तासांनी, कधी पाच. तो वेळ मोठ्या बाकड्यावर पोरांना निजवून काढायचा. तुम्ही ज्याला लेओव्हर म्हणता तो आम्ही खंडव्याला कितीदा केला आहे!

आणि दुसरा प्रकार होता थेट डब्याचा. लांबच्या गावाचा एखादा डबा एका गाडीतून सोडवून दुसरीला जोडत. आपण आत झोपलेले, धक्का बसला की समजायचं, जोडला. सामानाला हातही लावायचा नाही.

यांनी ती दोन पानं याच हिशेबाने लिहिली होती. दुबईला बॅगा 'थेट डब्यात', आपण फक्त पाय हलवायचे. शिकागोला मात्र रूळ बदलतात. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडेल तिथेच इमिग्रेशन आणि तिथेच कस्टम्स, म्हणून तिकीट पुढच्या गावाचं असलं तरी सगळं सामान तिथे उतरवून घ्यायचं, तपासणीतून न्यायचं आणि पुन्हा द्यायचं. मुलीने मला हे फोनवर तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी 'हो हो' म्हटलं होतं. 'खंडवा' वाचल्यावर डोक्यात बसलं.

मुंबईपर्यंत अवंतिका एक्स्प्रेसने गेले. विमान का नाही, तर देशातल्या विमानाच्या साध्या तिकिटावर पंधरा किलोची एक बॅग, आणि पुढच्या प्रवासाला तेवीस-तेवीसच्या दोन. मधले एकतीस किलो कुठे ठेवायचे? दिवसभर पार्ल्याला आत्येभावाकडे पाठ टेकली आणि रात्री त्याने टर्मिनल दोनच्या दारात सोडलं. दारातच पासपोर्ट आणि तिकीट पाहतात, सोडायला आलेल्याला आत येता येत नाही. तिथे पहिल्यांदा पोटात गोळा आला. काउंटरवरच्या मुलीने बॅगांना चिठ्ठ्या लावल्या, मी चष्मा लावून वाचल्या, कोलंबसची खूण 'सीएमएच' होती. पासपोर्टवर शिक्का बसला. मग भिंतीवरची जुनी दारं, मूर्ती, चित्रं बघत एवढं चालले, की आपण विमानतळावर आहोत की संग्रहालयात, कळेना.

गेटपाशी कान देऊन बसले. इंदूर स्टेशनावर बाई 'यात्रीगण कृपया ध्यान दें' म्हणते, तशी कोणी काही म्हणेल म्हणून. कोणी काहीच म्हणेना. शेजारच्या काकांनी सांगितलं की इथे घोषणा करतच नाहीत, फलकावर बघायचं. आईवडिलांना पहिल्यांदा पाठवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगावी. आमची पिढी ऐकून प्रवास करते. कान उघडे ठेवून डोळे मिटते, आणि तसं बसलं तर समोरून विमान निघून जाईल.

दुबईला माझी जी फजिती झाली ती मात्र वहीत वाचूनही झाली. पहाटे उतरले. हातातल्या बॅगेची तपासणी झाली, फलकावर आपलं विमान शोधलं. नऊ-पन्नास, शिकागो. म्हटलं खूप वेळ आहे. तोंड धुतलं, दशम्या खाल्ल्या, उंच छत आणि ती चकचकीत दुकानं पाहिली. सोनं इथेही सराफ्यासारखंच मांडलेलं, फक्त काचेआड. एका खुर्चीवर जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं! चाळीस मिनिटांत विमान, आणि गेट अजून सापडायचं. मी पळाले. त्रेसष्टाव्या वर्षी, साडीत, खांद्यावर पर्स आणि हातात पिशवी. सरकते जिने, सरकत्या वाटा. एका ठिकाणी तर विमानतळाच्या आतच गाडी लागली, तीत बसायचं की नाही कळेना. छातीत धडधडत होतं. डोळ्यांसमोर एकच चित्र, कोलंबसच्या विमानतळावर मुलगी उभी आहे आणि मी आलेच नाही.

फरशी पुसणाऱ्या एका मुलाला थांबवलं. हिंदीतच विचारलं, कारण माळव्यातल्या माणसाला घाबरल्यावर हिंदीच येते. त्याने माझा पास पाहिला, मग माझं घड्याळ पाहिलं आणि हसला. "आंटी, ये इंडिया का टाइम है. यहाँ तो अभी सात चालीस हुए हैं." दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे! वहीत ठसठशीत लिहिलं होतं, 'उतरताच घड्याळ १॥ तास मागे'. नवऱ्याने आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टी जशा मी 'हो' म्हणून सोडून दिल्या, तशीच हीसुद्धा. त्या मुलाने मला गाडीत बसवून दिलं आणि कुठे उतरायचं ते सांगितलं. नेपाळचा होता, घरी जाऊन दोन वर्षं झालेली. मी त्याला पिशवीतली इंदूरची लवंगी शेव दिली. घेईना, मग घेतली.

गेटपाशी एक गुजराती जोडपं भेटलं, सत्तरीच्या पुढचं. त्यांनाही शिकागोहून पुढे जायचं होतं. काका ठामपणे म्हणाले की बॅगा थेट मुलाच्या गावी येतील, चिठ्ठीवर तसं लिहिलंच आहे. मी म्हटलं, नाही, शिकागोला उतरवाव्या लागतील. ते मानेनात. चिठ्ठीवरचा शब्द खरा की या बाईचा? मग मी विचारलं, "रतलाम-खंडवा मीटरगेजने कधी गेलात का?" काका दाहोदचे निघाले, रेल्वेत नोकरी केलेले. पुढचं काही सांगावंच लागलं नाही. "अच्छा, गेज चेंज!" म्हणाले आणि बायकोला गुजरातीत समजावू लागले.

त्या काकांना खुर्ची होती, चाकांची. माझ्यासाठीही मुलीने व्हीलचेअर मागवते म्हटलं होतं. पायांत काही नाही, पण इंग्रजीची अडचण नको म्हणून. मी नको म्हटलं. कोणाला तिची खरी गरज असते त्यांनी जरूर घ्यावी, त्यात लाज नाही, आणि ज्यांना अजिबात वाचता येत नाही त्यांना सोबत म्हणून तिचा आधार होतो हेही खरं. पण एकदा खुर्चीत बसलं की आपण सामान होतो. ढकलणारा नेईल तिकडे जायचं, ठेवेल तिथे राहायचं. मला पाय हलवून बघायचं होतं.

साडेचौदा तासांचा विमानप्रवास. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खिडकी बंद, दिवे मंद, पायांत मोजे. सकाळी दहाला निघून दुपारी साडेतीनला उतरलो, तेही त्याच दिवशी. हे मला अजून नीट पटलेलं नाही.

शिकागोला रांग मोठी. अधिकाऱ्याने विचारलं, कोणाकडे, किती दिवस. मी पाठ केलेलं सांगितलं, "डॉटर, फाइव्ह मंथ्स." बोटांचे ठसे घेतले. मग पासपोर्टाची पानं उलटत विचारलं, व्हिसा २०२० चा, मग आत्ता का आलात? याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हजबंड." पुढचं वाक्य सुचेना. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

खाण्याचं काय आणलंय, हे विचारतात. खरं सांगायचं, एवढंच त्यातलं शहाणपण. लोणचं, पापड, गोडा मसाला, शेव, चिवडा हे सगळं सांगितलं. त्यातलं काही गेलं नाही. गेलं ते विमानातल्या जेवणात मिळालेलं सफरचंद, जे मी नातवासाठी पर्समध्ये ठेवलं होतं! ताजं फळ चालत नाही, मग ते त्यांच्याच देशाला आलेल्या विमानातलं का असेना. त्या बाईंनी ते दोन बोटांनी उचलून डब्यात टाकलं. तांदूळ आणला असता तर तोही गेला असता. धान्यातल्या खपरा किड्याची त्यांना फार भीती. इंग्रजीतही त्याला खपराच म्हणतात हे ऐकून, परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

पट्ट्यावरून दोन्ही बॅगा मीच ओढून काढल्या. गुजराती काकूंची एकही. मग कस्टम्समधून बाहेर पडल्याबरोबर बॅगा पुन्हा द्यायची जागा, तिथे उभ्या असलेल्या माणसाने चिठ्ठी वाचून त्या घेतल्या. हमालाला दोन रुपये जास्त द्यावे लागले नाहीत, एवढाच खंडव्याशी फरक.

आता इथून पहिल्या टर्मिनलला जायचं होतं. वहीत होतं, 'बाहेर बस उभी असते'. मी बस शोधू लागले. या दारातून त्या दारात. बस कुठे दिसेना. गणवेशातल्या एका दणकट बाईला विचारलं, "बस? टर्मिनल वन?" ती म्हणाली, "नो बस, हनी. ट्रेन." मी वही दाखवली, जणू तिला मराठी वाचता येणार होतं. तिने वर बोट केलं. वर गेले तर खरंच छोटी गाडी, ड्रायव्हर नसलेली, फुकट. मुलीने नंतर सांगितलं की २०१९ पासून ही गाडी दुरुस्तीसाठी बंद होती, तेव्हा बस चालायच्या. २०२१ च्या शेवटी गाडी पुन्हा सुरू झाली. म्हणजे यांनी लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं.

गाडीत बसून मी पर्समधून पेन काढलं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'बस नाही, गाडी आहे. जिना चढून वर.' माझं अक्षर त्यांच्यासारखं वळणदार नाही, त्यात गाडी हलत होती.

पुन्हा तपासणी, पुन्हा चपला काढायच्या. मग जमिनीखालून जाणारा एक लांब बोगदा, छतावर लाल-निळे-हिरवे दिवे पळताहेत आणि कसलंसं संगीत चालू. कालाकुंडच्या बोगद्यात आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, धूर यायचा म्हणून. इथे लोक उभे राहून फोटो काढत होते. मीही एक काढला, तो हललेला आला.

कोलंबसला रात्री पोचले. विमानतळ इंदूरसारखाच, आटोपशीर. नातू बापाच्या पायामागे लपला होता. फोनवर रोज बोलणारं पोर, पण पडद्याबाहेरची आजी त्याने पाहिली नव्हती. मी काही बोलले नाही, पट्ट्याजवळ जाऊन बॅगांची वाट पाहत उभी राहिले. थोड्या वेळाने साडीला कोणीतरी ओढलं. "तुझी कोणती?" त्याने विचारलं. मी सांगितलं, लाल दोरी बांधलेली. ती त्यानेच आधी पाहिली.

परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. मुलगी बदलून देते म्हणाली, दुबईला थांबा कमी असलेलं मिळतंय, दीड तासाचं. मी म्हटलं, राहू दे, चार तासांचंच बरं. त्या पोराला शेव द्यायची राहिली तर? आणि जाताना घड्याळ पुढे करायचं की मागे, ते तेवढं वहीत लिहून दे.